दोनशे पावलं

डॉक्टर मयेकरांनी सांगितलंय, रोज चार हजार.
मुलीनं मस्कतहून घड्याळ पाठवलंय मोजायला.
मी मोजतो. उभा जन्म मोजणीखात्यात गेला,
साखळी ओढत हे सगळं खारबंदर मापलं,
कुणाचा माड कुणाच्या हद्दीत वाकलाय
ते झोपेतही सांगेन.

आज तांबट आळीच्या तोंडाशी दोरी.
होमगार्डच्या टोपीत आमचा केबलवाला विलास चोगले:
"काका, मागनं जा. सरकारांचं सहस्रचंद्रदर्शन."

सरकार.
सिटी सर्व्हे नंबर एकशे चौदा,
पुढचं अंगण लग्नाच्या हॉलला भाड्यानं,
मागे वटवाघळं,
आणि मधे एक म्हातारे गृहस्थ,
जे पोस्टात रांगेत उभे राहतात
आणि पुढे बोलावलं तर रागावतात.

मागनं गेलो नाही. दोरीला टेकलो.
पावलं अकराशे बारा.

आधी हायस्कूलच्या मुलींचं लेझीम, घामानं पावडर ओघळलेली.
मग अब्दागिरी; तिच्या जरीला डांबरगोळ्यांचा वास.
मग चोपदार, म्हणजे पतपेढीतला शिपाई,
काठी चांदीची, चपला रबरी.
आणि घोड्यावर नातू, बंगळूरहून आलेला,
फेटा इतका घट्ट की भुवया वर ताणलेल्या,
सगळ्या गावाचं नवल वाटत असल्यासारखा.
मागे उघड्या जीपमध्ये सरकार.
त्यांच्या मागे पेणचा बँड,
वरातीचं गाणं वाजवत.
दुसरं येत नसावं.

घोडा मी ओळखला.
अन्वर मुकादमचा मोती.
रविवारी पुळणीवर पोरं फिरवतो,
पन्नास रुपयांत सुरूच्या बनापासून काळ्या खडकापर्यंत
आणि परत.
झूल नवी होती,
गळ्यातला निळा मणी तोच.

पोस्टासमोर मोती थांबला.
दोनशे पावलं भरली असणार.
फुरफुरला, आणि वळला,
भांडण नाही, भीती नाही,
पुढच्या पोराला घ्यायला वळतो तसा.

नातवानं लगाम ओढला.
अन्वर धावत आला, "चल रे बाबा, आज लांब जायचा हाय!"
मोतीच्या हिशेबात लांब नावाचं गाव नव्हतं.

आता घोड्यावर नातू, जीपमध्ये आजोबा,
समोरासमोर.
क्लॅरिनेट एका सुरावर अडकलेलं.
माझ्या मागे कुणी पुटपुटलं, अपशकुन.
सरकारांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
घोड्याकडे नीट पाहिलं आणि हसले.
त्यांचे दात मी पहिल्यांदाच पाहिले, वरचे सगळे नवे.
ड्रायव्हरला म्हणाले,
"वळव. त्याला रस्ता माहीत आहे."

तिथे रस्ता अठरा फूट. मीच मापलाय.
जीप सात वेळा मागेपुढे झाली,
विलास "येऊ द्या, येऊ द्या" करत,
नि सामंतांच्या तुळशीवृंदावनाचा कोपरा गेला.
मग पाण्याचा टँकर पहिला, रुग्णवाहिका दुसरी,
आणि मागे रेंगाळलेली दोन चिल्लीपिल्ली
एकदम मिरवणुकीच्या तोंडाशी आली.
एकानं आइसफ्रूट मागे लपवलं.

लेझीमनं मात्र वळून पाहिलंच नव्हतं.
ते केव्हाच बाजारपेठेच्या वळणाआड गेलं होतं.

दोरी सुटली. मी त्याच्या मागावर चालत राहिलो.
मच्छी मार्केट, बंद पडलेला बर्फाचा कारखाना, जेट्टी.
तिथे मुली दमून दोरखंडांवर बसलेल्या,
बाई परत परत रस्त्याकडे बघणाऱ्या,
आणि द्वारकाबाय, ठेवणीतलं लुगडं नेसून,
दोन्ही हातांवर झेंडूचा हार तोलत उभी.
किती वेळ उभी होती कोण जाणे.

"राजा कुठं हाय?"
"वळला."
"कशापायी?"
मी घोड्याचं सांगितलं. ती हसली नाही.
हाराकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं.

मनगटावर घड्याळ थरथरलं. चार हजार.
आणि घर मागे, आलो तेवढंच लांब.

द्वारकाबायनं पेटीचं झाकण उघडलं,
पापलेटं एका अंगाला सारली,
बर्फावर केळीचं पान, पानावर हार.
"राहू दे थंड," म्हणाली,
"उद्या परवा आला तर."